घरी बांधलेले विमान आणि त्याच्या उड्डाणयोग्यतेचा पुरावा

सुट्या भागांचा संच विकत घेऊन, किंवा भागही स्वतःच घडवून, एखाद्या व्यक्तीस राहत्या घराच्या आवारात माणसे वाहून नेणारे विमान बांधता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर तंत्रदृष्ट्या केव्हाच मिळालेले आहे. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या देशांत अशी हजारो विमाने बांधली गेली आहेत व ती नित्य उडत असतात. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर मुंबईच्या उपनगरात, कांदिवलीजवळच्या चारकोप येथे, एका निवासी इमारतीच्या गच्चीवर तयार झालेल्या सहा आसनी विमानाने ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर चाचणी-उड्डाण केले. तेव्हा असे विमान बांधता येते किंवा नाही, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. अभ्यासकापुढे येणारा प्रश्न वेगळा आहे. जे यंत्र कारखान्यात तयार झाले नाही, ज्याच्या जातीचे दुसरे यंत्र कदाचित अस्तित्वातच नाही, ते उडण्यास योग्य आहे असे इतरांनी कशाच्या आधारावर मानावे?

या प्रश्नाचे दोन भाग पडतात. विमानाची रचना मुळात बरोबर आहे काय, हा पहिला. आणि हे विशिष्ट विमान त्या रचनेबरहुकूम बांधले गेले आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रचनेच्या पुराव्याने व दुसऱ्याचे कारागिरीच्या पुराव्याने द्यावे लागते. विमानबांधणीच्या संचाचे खरे महत्त्व असे की, तो घेणाऱ्यास पहिला पुरावा बव्हंशी तयार मिळतो व दुसऱ्याचे काम पुष्कळ सोपे होते. चारकोपच्या विमानाचा इतिहास समजून घेण्यासही हाच भेद उपयोगी पडतो.

संचाचे स्वरूप

विमान घरी बांधण्याचे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात बांधणारा स्वतःच रचना करतो. दुसऱ्यात तो केवळ आराखडे विकत घेतो आणि पत्रा, नळ्या, लाकूड, कापड हे सर्व साहित्य स्वतः मिळवून त्याला आकार देतो. तिसऱ्यात त्यास संच मिळतो; म्हणजे पंखाचे मुख्य तुळईवजा आधार (ज्यांना स्पार म्हणतात), फासळ्या, धडाचे पत्रे, शेपटीचे भाग, खिळे, बोल्ट व क्रमवार सूचनांचे पुस्तक अशी सर्व सामग्री निर्मात्याकडून खोक्यांत भरून येते. एंजिन, पंखा व उपकरणे ही बहुधा निराळी घ्यावी लागतात.

या तिन्ही प्रकारांना मोठा इतिहास आहे. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी आपल्या 'दम्वाझेल' या छोट्या विमानाचे एकस्व घेतले नाही. त्याचे आराखडे १९१० मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय यांत्रिक मासिकात छापले गेले व वाचकांनी त्यावरून विमाने बांधण्याचे प्रयत्न केले. पुढे १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी मिल्वॉकी येथे हौशी विमानबांधकांची 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ऑरेगन राज्यात सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या संचांतून बांधून उडविलेल्या विमानांची संख्या आज अकरा हजारांहून अधिक आहे.

संचामुळे बांधणाऱ्याचे श्रम नेमके कोठे वाचतात हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. धातूच्या विमानात पत्रा, फासळी व स्पार यांना परस्परांशी जोडणारी रिव्हेटे दहा हजारांच्या घरात असतात. पूर्वी प्रत्येक छिद्राची जागा मोजून, खूण करून, मग ते पाडावे लागे. आणि सर्व भाग योग्य कोनात राहावेत म्हणून प्रथम एक भक्कम सांगाडा किंवा साचा उभारावा लागे. साचा अर्ध्या अंशाने तिरपा असला की पंखही तेवढाच पिळलेला निघे. पुढे निर्मात्यांनी संगणक-नियंत्रित यंत्रांवर सर्व छिद्रे आधीच पाडून भाग देण्यास प्रारंभ केला. दोन भागांची छिद्रे जुळली की भाग आपोआप योग्य जागी बसतात. वेगळ्या साच्याची गरज बव्हंशी उरत नाही. म्हणजे पूर्वी जी अचूकता बांधणाऱ्याच्या हातात असावी लागे ती आता पत्र्यातच भरून येते.

तरीही काम थोडे नसते. दोन आसनांच्या धातूच्या विमानास साधारणतः दीड ते अडीच हजार तास लागतात. आठवड्याचे दहा तास देणाऱ्या नोकरदारास दोन हजार तासांसाठी सुमारे चार वर्षे खर्चावी लागतील. अमेरिकेच्या नियमांनुसार विमानाचा अधिकांश भाग बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी स्वतः तयार केलेला असला पाहिजे. यालाच व्यवहारात 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. त्यामागील हेतू असा की, हौशी बांधणीच्या सवलतीचा आधार घेऊन कोणी विनाप्रमाणपत्र विमानांचा कारखाना चालवू नये.

रचनेचा पुरावा

रचनेच्या पुराव्याचे महत्त्व पटविणारे सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्रान्समधील आहे. आंरी मिन्ये या हौशी बांधकाने १९३३ मध्ये 'पू-द्यु-स्येल', म्हणजे 'आकाशातील पिसू', हे लहानसे विमान उडविले व १९३४ मध्ये ते कसे बांधावे याचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यास लाकडी खोके ठोकता येते त्यास हे विमान बांधता येईल असा त्याचा एकंदर सूर होता. इंग्रजी भाषांतर निघाल्यावर ब्रिटनमध्येही ठिकठिकाणी ही विमाने बांधली जाऊ लागली. त्यात एकामागे एक असे दोन पंख होते व एलेरॉन नव्हते. पुढील पंखच एका आडव्या अक्षाभोवती कलता करून नाक वर-खाली करण्याची योजना होती.

पुढे प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. विमान नाकाने खाली झुके आणि चालकाने दांडा कितीही मागे ओढला तरी वर येत नसे. इंग्लंडमधील फार्नबरो व फ्रान्समधील शाले-म्यूदाँ येथील मोठ्या वातविवरांत १९३६ च्या सुमारास पूर्ण आकाराच्या विमानाची परीक्षा झाली, तेव्हा कारण उघड झाले. दोन पंखांमधील फट ठराविक स्थितीत मागील पंखावरील प्रवाह अधिक जोमदार करी. मागील पंखाची उचल त्यामुळे वाढे, शेपटीकडची बाजू वर येई व नाक आणखी खाली जाई. सुमारे पंधरा अंशांपेक्षा अधिक उतरता कल आला की पुढील पंखाच्या नियंत्रणात विमान सावरण्याइतके बळ उरत नसे.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, दगावलेल्यांपैकी अनेकांची सुतारकी निर्दोष असू शकेल. लाकूड उत्तम, सांधे घट्ट, कापड ताणून बसविलेले. तरीही विमान घातक. रचनेतील दोष कारागिराच्या डोळ्यास दिसत नाही व त्याच्या हातास लागत नाही. तो शोधण्यास वातविवर, गणित आणि मोजमापाची उड्डाणे लागतात, आणि ही साधने घरात नसतात.

संचाचा निर्माता हे काम एकदाच करतो व त्याचा लाभ हजारो बांधणाऱ्यांना मिळतो. पंखावर वाळूच्या पिशव्या रचून भारपरीक्षा घेतली जाते. लहान विमानांच्या सामान्य वर्गात स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार पंखांनी कायमची विकृती न येता सोसावा, आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ५.७ पट भाराखाली ते मोडू नयेत, असे प्रमाण रूढ आहे. शिवाय त्याच जातीची शेकडो विमाने आधीपासून उडत असल्याने एखाद्या कडीस तडा गेल्याचे एकास आढळले की इतर सर्वांस इशारा जातो. संचाबरोबर येणारी ही इतरांच्या अनुभवाची ठेव धातूच्या किमतीत मोजता येत नाही.

अर्थात या व्यवस्थेसही मर्यादा आहेत. व्हॅन्स कंपनीने २०२२ मध्ये काही भागांची छिद्रे लेसर किरणांनी कापून घेण्यास सुरुवात केली. रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून छिद्राची कड दाबून खोलगट करावी लागते. ते करताना यांपैकी काही छिद्रांच्या कडांना सूक्ष्म तडे जात असल्याचे २०२३ मध्ये बांधणाऱ्यांनी निदर्शनास आणले. भाग बदलून देण्याचा भार व इतर आर्थिक अडचणी यांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीस न्यायालयाच्या संरक्षणाखाली पुनर्रचना करावी लागली. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली. केंद्रस्थानी झालेली एक चूक शेकडो घरांत एकाच वेळी पोहोचते, हा या पद्धतीचा दोष. आणि ती चूक शेकडो डोळ्यांना दिसते, हा तिचा गुण.

कारागिरीचा पुरावा

रचना निर्दोष आहे असे मानले तरी हे विशिष्ट विमान तिच्याबरहुकूम झाले आहे काय, हे दाखवावे लागते. येथे पुराव्याचे मुख्य साधन म्हणजे बांधणीची रोजनिशी. कोणत्या दिवशी कोणता भाग तयार केला, कोणत्या प्रतीचा धातू वापरला, कोणता बोल्ट किती बलाने आवळला, हे छायाचित्रांसह नोंदविले जाते. पंख एकदा पत्र्याने बंद झाला की आतील रिव्हेटे कोणासही दिसत नाहीत. म्हणून बंद करण्यापूर्वी त्यांची तपासणी होणे इष्ट असते. ब्रिटनमध्ये हौशी बांधकांच्या संघटनेचे निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्याला येऊन सही करतात. अमेरिकेत संघटनेचे अनुभवी सल्लागार विनामूल्य पाहणी करतात व अखेरची तपासणी शासनाकडून किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीकडून होते.

कारागिरीतील किरकोळ वाटणारी गोष्ट उड्डाणावर किती परिणाम करते याचे उत्तम उदाहरण गुरुत्वमध्याचे आहे. विमानाच्या नाकाजवळ एक संदर्भ-रेषा मानून प्रत्येक वजन तिच्यापासूनच्या अंतराने गुणावयाचे, सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची व तिला एकूण वजनाने भागावयाचे, म्हणजे गुरुत्वमध्याचे स्थान मिळते. समजा, एका काल्पनिक विमानाचे रिकामे वजन ३५० किलोग्रॅम असून त्याचे अंतर २.०० मीटर आहे. दोन माणसांचे वजन १५० किलोग्रॅम व अंतर २.४० मीटर, इंधन ६० किलोग्रॅम व २.१० मीटर, सामान २० किलोग्रॅम व ३.१० मीटर. एकूण वजन ५८० किलोग्रॅम व गुणाकारांची बेरीज १२४८ येते. गुरुत्वमध्य २.१५२ मीटरवर पडला. त्याची मागील मर्यादा २.१८ मीटर आहे असे धरू. आता बांधणाऱ्याने शेपटीकडे, ५.५ मीटर अंतरावर, रंग व लुकण यांचे मिळून केवळ ५ किलोग्रॅम वजन अधिक चढविले, तर बेरीज १२७५.५ व वजन ५८५ होऊन गुरुत्वमध्य २.१८० मीटरवर, म्हणजे थेट मर्यादेवर जातो. तो मर्यादेपलीकडे गेल्यास विमान अस्थिर होते व नाक खाली आणण्यास शेपटीचे बळ अपुरे पडू लागते. सुबकपणासाठी दिलेला रंगाचा एक जादा थर असा उड्डाणाच्या गणितात शिरतो.

एकूण वजनाविषयीही असेच म्हणता येईल. ज्या वेगाखाली पंखावरील प्रवाह तुटून उचल एकाएकी घटते, तो वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वजन दहा टक्क्यांनी वाढले तर हा वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. मात्र त्या वेगाने जमिनीवर आदळताना विमानात असणारी गतिज ऊर्जा सुमारे एकवीस टक्क्यांनी अधिक असते.

चाचणीची अडचण

दोन्ही पुरावे हाती असूनही एक अडचण उरतेच. माहुलसारख्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातील होडीशी तुलना केल्यास ती स्पष्ट होईल. डागडुजी केलेली होडी प्रथम कमरेइतक्या पाण्यात लोटून पाहता येते. कोठे पाणी झिरपते ते दिसते, होडी ओढून पुन्हा काठावर घेता येते, फट बुजविता येते. विमानाच्या बाबतीत अशी मधली अवस्था जवळजवळ नसते. धावपट्टीवर ते कमी-अधिक वेगाने पळवून ब्रेक, एंजिनाचे तापमान व सुकाणू यांची परीक्षा घेता येते. पण हवेतील स्थैर्य, वळणातील वर्तन व कमी वेगाची लक्षणे ही उंचीवर गेल्यावाचून कळत नाहीत. त्यामुळे पहिले उड्डाण हेच बऱ्याच अंशी पहिले परीक्षण ठरते.

म्हणूनच अमेरिकेत प्रमाणित एंजिन व पंखा यांची जोडी असल्यास निदान पंचवीस तास, आणि नसल्यास चाळीस तास, ठरवून दिलेल्या क्षेत्रात प्रवाशांविना उड्डाण करण्याची पद्धत रूढ झाली. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द ठळक लिहावा लागतो, आणि हे विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षा-नियमांनुसार बांधलेले नाही अशी सूचना प्रवाशास दिसेल अशी लावावी लागते.

ही सावधगिरी अनाठायी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हौशी बांधणीची विमाने ही त्या देशातील सामान्य विमानांच्या ताफ्यात सुमारे दहा टक्के होती. परंतु २०११ सालच्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे पंधरा टक्के व प्राणघातक अपघातांत एकवीस टक्के होता. एंजिनाचा बिघाड व उड्डाणात नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे आढळली. अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मूळ बांधणाऱ्याच्या हातची राहिली नव्हती, ती दुसऱ्यांनी विकत घेतलेली होती. विमान बांधताना बांधणाऱ्यास त्याची जी अंतर्बाह्य ओळख होते ती विक्रीपत्राबरोबर हस्तांतरित होत नाही, हा याचा एक अर्थ लावता येईल.

चारकोपचे विमान

आता मुंबईतील उदाहरणाकडे वळावयास हरकत नाही. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने विमानचालक. १९९८ पासून त्यांनी विमान बांधण्याचे दोन प्रयत्न केले. ती विमाने आकाशात गेली नाहीत. तिसरे विमान, 'टीएसी-००३', त्यांनी चारकोप येथील कुटुंबाच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सुमारे सहा वर्षे खपून बांधले. इमारतीस उद्वाहक नव्हता. लेथ, कॉम्प्रेसर, वितळजोडाची यंत्रे आणि सुमारे १८० किलोग्रॅम वजनाचे परदेशी एंजिन ही सर्व सामग्री अरुंद जिन्यावरून वर न्यावी लागली. सुमारे १,२०० चौरस फुटांची जागा, वर ताडपत्रीचे छप्पर, आणि मदतीस मोटार-गॅरेजमधील कारागिरासारखी माणसे, असा हा कारखाना होता. पावसाळ्यात गळती व उन्हाळ्यात ताप सोसून काम चालू राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पंख, शेपूट व एंजिन सोडवून विमान क्रेनने खाली उतरविण्यात आले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात पुन्हा जोडून मांडण्यात आले. ताशी ३४२ किलोमीटर वेग, १३,००० फुटांपर्यंत उंची व २,००० किलोमीटर पल्ला हे त्याचे घोषित आकडे होत.

हे संचाचे विमान नव्हे, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. संच घेणाऱ्यास रचनेचा जो पुरावा तयार मिळतो तो येथे नव्हता. त्या जातीचे पूर्वी उडालेले विमान नव्हते. ब्रिटन-अमेरिकेतल्यासारखी टप्प्याटप्प्याची पाहणी करणारी हौशी बांधकांची संघटित परंपराही भारतात नव्हती. रचनाकार, कारागीर आणि पुरावा सादर करणारा या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. नोंदणीसाठी त्यांचा अर्ज २०११ मधला. नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, 'व्हीटी-एनएमडी' या अक्षरांनी. उड्डाणाची अनुमती ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि चाचणी-उड्डाण ऑगस्ट २०२० मध्ये झाले. गच्चीवरील बांधणीस सहा वर्षे लागली, तर अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ.

या नऊ वर्षांचे स्पष्टीकरण केवळ शासकीय दिरंगाई एवढेच देणे अपुरे होईल. नियामकापुढील अडचणही खरी होती. चारकोप ते माहुल या दाट वस्तीच्या पट्ट्यावरून उडू शकणारे सहा आसनी यंत्र योग्य आहे असे म्हणण्यास काही आधार लागतो. आणि तो आधार उभा करण्याची, हौशी व्यक्तीस पेलेल अशी, ठरलेली वाट नव्हती. वाट नसली की अर्जदारास काय सिद्ध करावयाचे हे कळत नाही व अधिकाऱ्यास काय मागावयाचे हे ठरविता येत नाही. अशा स्थितीत काल व्यर्थ जातो, आणि तो अर्जदाराच्या कुटुंबाच्या खर्चाने जातो.

उड्डाणाची अनुमती व प्रकार-प्रमाणपत्र यांतील भेदही येथे सांगणे अवश्य आहे. अनुमती ही एका विमानापुरती व घातलेल्या अटींपुरती असते. तीच रचना कारखान्यात अनेकवार बांधून विकावयाची तर संपूर्ण रचनेस प्रकार-प्रमाणपत्र मिळवावे लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये यादव यांच्या कंपनीने महाराष्ट्रात विमाननिर्मितीचा प्रकल्प उभारण्याविषयी शासनाशी सामंजस्य करार केला. परंतु गच्चीवरून धावपट्टीपर्यंतच्या वाटेपेक्षा धावपट्टीवरून कारखान्यापर्यंतची वाट पुराव्याच्या दृष्टीने कितीतरी लांब असते.

या संदर्भात मराठी वाचकास शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे वारंवार सांगितले जाते. मात्र त्या यंत्राचा आराखडा, वजन किंवा उड्डाणाचे मोजमाप यांपैकी काहीही तपासता येईल अशा स्वरूपात उपलब्ध नाही. या कथेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथातील रचनांचे परीक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केले व त्या उडण्यास अक्षम असल्याचा निष्कर्ष काढला. चारकोपच्या विमानाचे महत्त्व नेमके याउलट आहे: त्याची नोंदणी, अनुमती व उड्डाण यांना तारखा आहेत, आणि म्हणून त्याविषयी अभ्यासकाला काही बोलता येते.

स्थानिक परिस्थिती

उपनगरात विमान बांधू इच्छिणाऱ्यापुढे आणखी काही अडचणी स्थानपरत्वे येतात. समुद्रावरील खारट व दमट हवेत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूस क्षरणाचा धोका असतो. म्हणून शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढविलेला पत्रा वापरणे व आतील बाजूस संरक्षक लेप देणे अगत्याचे ठरते. काचतंतू व इपॉक्सी यांनी बांधावयाचे तर पावसाळ्यातील आर्द्रता लेपाच्या घट्ट होण्यात व्यत्यय आणते.

इंधनाची गोष्ट याहून लक्षणीय आहे. माहुल परिसरातील दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. तेथे तयार होणारे विमान-इंधन हे केरोसीनच्या जातीचे, जेट एंजिनांसाठीचे असते. हौशी विमानांच्या ठिणगी-प्रज्वलित एंजिनास ते चालत नाही. त्यास उच्च ऑक्टेनचे विमान-पेट्रोल लागते, आणि ते सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑईलने देशात तयार करून बाजारात आणीपर्यंत भारतास आयात करावे लागे. काही लहान एंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात खरी. पण भारतातील पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते पाणी शोषून घेते व अशा एंजिनांना सोसवणाऱ्या प्रमाणाहून बहुधा अधिक असते. अशा रीतीने माहुलच्या चिमण्यांच्या सावलीत राहणाऱ्या बांधकासही आपल्या एंजिनाचे इंधन दुरूनच आणावे लागेल.

यातील विसंगती आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होते. बंगळूर येथील राज हंस या कंपनीने फ्रेंच रचनेवरून तयार केलेले 'एक्स-एअर' या हलक्या विमानाचे संच ब्रिटन व युरोपात पाठविले, आणि तेथील लोकांनी ते आपापल्या घरी जोडून तेथील संघटनांच्या तपासणीखाली उडविले. म्हणजे हलक्या विमानाचा संच तयार करण्याचे कसब भारतात होते. तो घरी जोडणाऱ्यास पदोपदी साहाय्य देणारी, त्याचे काम पाहणारी व त्यावर सही करणारी व्यवस्था मात्र परदेशात होती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, घरी विमान बांधण्याची चळवळ ज्या देशांत रुजली तेथे ती केवळ यांत्रिक कौशल्यावर रुजली नाही. रचनेचा पुरावा निर्माता देतो, कारागिरीचा पुरावा बांधणारा व निरीक्षक मिळून देतात, आणि उरलेला धोका चाचणीच्या तासांत व प्रवाशाला दिलेल्या सूचनेत उघडपणे मान्य केला जातो. धोका नाहीसा होत नाही. तो कोणी, कोठे व कितपत पत्करावयाचा हे ठरते. चारकोप येथे हे सर्व ओझे एका कुटुंबाने उचलले, ही त्या कुटुंबाच्या चिकाटीची साक्ष होय. पण ते प्रत्येकाने तसेच उचलावे अशी अपेक्षा ठेवणे हे धोरण ठरू शकत नाही.

विद्यापीठांच्या विभागांना येथे करण्यासारखे काम आहे. पत्र्याच्या व सांध्यांच्या नमुन्यांची बलपरीक्षा, पंखाच्या भारपरीक्षेसाठी जागा व मोजणीची साधने, वातविवरातील प्रतिकृतीचा अभ्यास, आणि बांधणीच्या रोजनिशीचा एक सर्वमान्य नमुना, या गोष्टी पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहेत. त्या उपलब्ध झाल्यास यापुढे एखादा बांधक आपले यंत्र घेऊन नियामकाकडे जाईल तेव्हा त्याच्या हाती केवळ विमान असणार नाही, तर त्याविषयीचे उत्तरही असेल.